जीआरईची तारीख घेऊन टाकू की अजून थांबू? (इंदूर)

मालवकन्या
नमस्कार मंडळी. सुपर कॉरिडॉरवर आयटीत नोकरी करते, पुढच्या ऑगस्टला अमेरिकेत एमएसला जायचा बेत आहे. त्यासाठीच्या जीआरई या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास उन्हाळ्यापासून चालू आहे. क्लासच्या मॉकमध्ये (सराव परीक्षेत) 340 पैकी 320 च्या वर जाते, पण ईटीएसच्या (ही परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या) पॉवरप्रेप या सराव पेपरमध्ये 313 वरच अडकले. हवेत 318 च्या आसपास. भंवरकुआंच्या क्लासमधले सर म्हणतात, इंग्रजी शब्दांची यादी संपल्याशिवाय तारीख घेऊ नकोस. आई म्हणते, नवरात्राच्या आत उरकून टाक. तयारी झाली हे ओळखायचं कसं? शिवाय परीक्षा घरून द्यावी का?

पोहेजिलेबी
घेऊन टाक तारीख. तारीख नसली की अभ्यास नुसता लांबतो.

पलासियाचे_अण्णा
त्याआधी एक बघ. तुझ्या यादीतल्या किती विद्यापीठांना जीआरई लागते? कोविडनंतर बऱ्याच ठिकाणी ती ऐच्छिक झाली आहे. तिथे बेताचा स्कोअर पाठवण्यापेक्षा न पाठवलेला बरा.

रामबागवाला
अण्णांचं खरं आहे, पण यादीत दोन-तीन जरी मागणारी असली तरी द्यावी लागणारच. स्कोअर पाच वर्षं चालतो, वाया जात नाही.

ताई, क्लासच्या मॉकचे आकडे बाजूला ठेव. तो पेपर आणि त्याचं गुणांकन दोन्ही क्लासचंच, त्यामुळे 320 वर विसंबता येत नाही. ईटीएसचे फुकट पेपर दोनच आहेत. त्यातला एक झाला, दुसरा आत्ता उघडूही नकोस. परीक्षेची तारीख चार दिवस आधीपर्यंत पुढे ढकलता येते (त्याचे वेगळे पैसे पडतात). म्हणून दुसरा पेपर आठ-दहा दिवस आधी द्यायचा. 316-317 आले तरी खुशाल जा, दोन-तीन गुण इकडेतिकडे होतातच. पुन्हा 313 वरच राहिलीस तर मात्र तारीख सरकव.

आकड्यापेक्षा चुकांकडे बघ. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे लिही: येतच नव्हतं, येत होतं पण नीट वाचलं नाही, की वेळ संपला. 'येतच नव्हतं' वाले प्रश्न मॉकमागून मॉक तेवढेच राहत असतील तर तू तयार नाहीस, मग यादी संपलेली असो वा नसो. आणि यादी संपते कुणाची? व्हर्बलमध्ये (इंग्रजीच्या भागात) जवळजवळ निम्मं काम उतारे वाचण्याचं आहे, तिथे शब्द पाठ असून भागत नाही.

आणखी एक खूण. क्वांटचा (गणिताचा) पहिला भाग 12 प्रश्नांचा, 21 मिनिटांचा. त्यात कसे गुण पडतात त्यावर दुसरा भाग सोपा येणार की अवघड ते ठरतं, आणि सोपा आला की वरचे गुण हातचे जातात. एखादा प्रश्न चिवट निघाला तर त्याच्यावर खूण करून पुढे जाणं आणि उरलेल्या वेळात परत येणं, हे आपोआप होतं का? की हट्टाने तिथेच चार मिनिटं घालवतेस? आपल्या इंजिनिअर मंडळींचं घोडं तिथेच अडतं. निगेटिव्ह मार्किंग नाही, तेव्हा कोरा काही सोडायचा नाही.

आता उलटा हिशोब. बऱ्याच ठिकाणी अर्जाची मुदत 15 डिसेंबरच्या आसपास असते. अधिकृत स्कोअर यायला 8 ते 10 दिवस लागतात, आणि दोन प्रयत्नांत किमान 21 दिवस जावे लागतात. म्हणजे पहिला प्रयत्न सप्टेंबरअखेर झाला की दुसऱ्याला ऐसपैस जागा राहते. आईचं ऐक. फक्त अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशीचा स्लॉट घेऊ नकोस, झांक्या (विसर्जन मिरवणुकीतले सजवलेले देखावे) रात्रभर चालतात आणि आपण काही घरी बसणारे नव्हे.

पोहेजिलेबी
हेच म्हणत होतो मी, एका ओळीत 😀

सराफ्यातली_काकू
घरून द्यायचं विचारलंस म्हणून सांगते. माझ्या भाचीने दिली. खोलीत एकटीच, दार बंद, आणि ते दार कॅमेऱ्यात दिसलं पाहिजे. सुरुवातीला सगळी खोली फिरवून दाखवावी लागते. साधा कागद चालत नाही, पुसता येणारा छोटा व्हाइटबोर्ड लागतो आणि शेवटी तो पुसलेला दाखवायचा. इयरफोन चालत नाहीत, तेव्हा घरातला प्रत्येक आवाज कानावर येणार. आमच्या गल्लीत सकाळी कचरागाडी गाणं वाजवत येते, दहा घरं होईपर्यंत थांबते. दुपारचा स्लॉट घे, राउटर इन्व्हर्टरवर लाव. आणि कुणी चहा घेऊन दार उघडलं तर पेपरच रद्द व्हायची भीती, हे आजीला आधी सांग.

मालवकन्या
काकू, आमच्याकडे आजी, आत्या आणि आत्याचा नातू. सेंटरच बरं. अण्णा, यादी तपासली, सातपैकी चार ठिकाणी लागते. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातली तारीख बघते. आजचा क्लासचा मॉक तपासायला घेतला, निम्म्या चुका 'नीट वाचलं नाही' मध्ये गेल्या.

रामबागवाला
मग दोन तासांचे मॉक रोज देऊ नकोस. आठवड्यात एक पुरे, आणि तोही ज्या वेळेचा स्लॉट मिळेल त्याच वेळेला. बाकी दिवस चुकलेले उतारे परत वाच.

पलासियाचे_अण्णा
नोंदणी करताना पासपोर्ट समोर ठेव. नाव अक्षरन्अक्षर जुळलं पाहिजे. आपल्याकडे वडिलांचं नाव कधी पहिल्या नावाच्या रकान्यात असतं, कधी नसतंच. पासपोर्टवर जसं आहे तसंच भर.