बारा-तेरा नंबरच्या पायांसाठी कोल्हापुरी: ऑनलाइन दुकान काढावं का?

सुभाषनगरची सून
नमस्कार मंडळी. आमच्या घरात चपला होतात. मामंजींची हयात रापी-आरी धरण्यात गेली, सासूबाई वेण्या घालतात, हे शिरोलीत फौंड्रीत आहेत. माल कोल्हापुरात चप्पल लाईनला, म्हणजे चपलांच्या बाजारात, दोन दुकानांत जातो. पैसे कधी येतात ते विचारू नका.

दिवाळीत माझा पुण्याचा भाऊ आला. त्याचा पाय तेरा नंबर. अख्खी लाईन पालथी घातली, दहाच्या पुढं कोणी दाखवेना. एक जण तर म्हणाला, "दहाच घाला, चामडं सैल होतंय." शेवटी मामंजींनी त्याला घरात कागदावर उभं केलं, पेन्सिल फिरवली आणि पाचव्या दिवशी जोड हातात दिला. भावानं ऑफिसच्या ग्रुपवर फोटो टाकला तर सहा जणांनी विचारलं. सगळ्यांचे पाय दांडगे. त्यात एक बाई, नऊ नंबरच्या. बायकांच्यात त्यांना माप मिळत नाही आणि पुरुषांची त्यांना घालायची नाही.

म्हणून डोक्यात आलंय, फक्त अशाच पायांसाठी दुकान काढायचं. पंचवीस हजार बाजूला ठेवलेत. वेबसाईट करू की मोठ्या ॲपवर माल लावू? माप लांबून कसं घ्यायचं? जीएसटीचं काय?

पेठेतला
वहिनी, नाद खुळा! पण वेबसाईटवाल्याला आत्ताच पैसे देऊ नका. ते पंचवीस हजार चामड्यात घाला. व्हॉट्सॲप बिझनेसवर कॅटलॉग फुकट होतोय, इन्स्टावर मामंजींचा वेणी ओवतानाचा व्हिडिओ टाका. गिऱ्हाईक किती, सहा. त्यांना दुकान कशाला पाहिजे? चप्पल पाहिजे.

परताव्यानं पोळलेला
मी दोन वर्षं एका मोठ्या ॲपवर चपला विकल्या, म्हणून सांगतो: ताई, तिकडं जाऊ नका. निदान या मालासाठी तरी नको. तिथं गिऱ्हाइकाला 'आवडलं नाही' एवढं कारण पुरतं. माझा एक जोड नवव्या दिवशी परत आला, तळाला हळद आणि चार अक्षता चिकटलेल्या. लग्न उरकून आलेला! तक्रार केली, फोटो पाठवले, दोन्हीकडचं कुरिअरभाडं माझ्याच खात्यातून कापलं.

त्याहून वाईट कॅश ऑन डिलिव्हरी. दारात 'आता नको' म्हटलं की माल माघारी. याला धंद्यात आरटीओ म्हणतात, आणि गाडीच्या आरटीओइतकाच तापदायक. सात नंबर परत आला तर दुसरा कोणी घेतो. तेरा नंबर परत आला तर तो तुमच्या भावालाच घालावा लागेल.

मी आता निम्मे पैसे आधी घेतो, उरलेले पॅक केलेल्या जोडाचा फोटो पाठवल्यावर. मापाच्या मालाला परतावा नाही, पण पट्टा किंवा चपलेचा अंगठा एकदा फुकट सैल-घट्ट करून देतो. हे पैसे घेण्याआधी मराठीत, ठळक, दोन ओळींत कळवायचं. नंतर सांगितलं की भांडण.

फूटपट्टी
मापाबद्दल कोणीच बोललं नाही, आणि तुमचं खरं दुकान तेच आहे. चप्पल सगळे देतात, माप तुम्ही देणार.

पहिली गोष्ट, गिऱ्हाइकाला 'नंबर किती' विचारू नका. आपल्याकडचा नंबर इंग्लंडच्या पद्धतीचा, एका नंबराला साधारण साडेआठ मिलिमीटर. युरोपच्या नंबरात तेच अंतर पावणेसात मिलिमीटरच्या आत. त्यात बुटाचा नंबर वेगळा, सँडलचा वेगळा. माणूस ४६ म्हणतो, तुम्ही बारा समजता, आणि चामडं वाया. पायाची लांबी विचारा, सेंटिमीटरमध्ये.

दुसरी गंमत ऐका. सगळे सांगतात 'ए फोर कागदावर पाय ठेवा'. ए फोर कागद २९.७ सेंटिमीटर लांब असतो. तुमच्या गिऱ्हाइकांचे पाय तीसच्या घरातले! टाच कागदावर ठेवली की अंगठा फरशीवर. भिंतीवरच्या कॅलेंडरचं जुनं पान सांगा, मागची बाजू कोरी असली तर उत्तम, आणि ते घरोघर असतं.

माप संध्याकाळी घ्यायचं, तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो. बसून नाही, उभं राहून, दोन्ही पायांवर सारखा भार. पेन्सिल सरळ उभी धरायची. आत कलली की अर्धा सेंटिमीटर गेला. रेघ दुसऱ्यानं मारायची, कारण स्वतः वाकलं की पाय हलतो. दोन्ही पायांचं, वेगवेगळं. शिवाय शिंप्याच्या टेपनं चवड्याचा घेर आणि अंगठ्याचा घेर, हे दोन आकडे कागदावरच लिहायचे.

फोटोवरून माप काढू नका. मोबाईल जरा तिरका असला की पाय लांबतो. पान पोस्टानं मागवा. चार दिवस जास्त जातील, जातील तर जाऊ देत.

चामडं सैल होतं हे खरं, पण तळ लांब होत नाही. सैल होतो पट्टा आणि अंगठा. तिथं जरा घट्ट ठेवायचं आणि आधीच कळवायचं की पहिले काही दिवस चावेल, तेल लावा.

हिशेबवाला
कागदपत्रांचं थोडक्यात. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्याची सरकारी नोंद, फुकट आहे, स्वतः करा. त्यासाठी पैसे मागणाऱ्या साईट सरकारी नाहीत. तुमच्यासारखे मोजकेच कामगार असतील तर शॉप ॲक्टला फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते.

जीएसटी: राज्यातल्या राज्यात माल विकलात तर ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. पण राज्याबाहेर माल गेला की पहिल्या जोडापासून नोंदणीचा प्रश्न येतो. हस्तकलेला सूट आहे, पण ती ठरलेल्या यादीतल्या वस्तूंनाच. बेंगळुरूची ऑर्डर घेण्याआधी सीएकडून लेखी घ्या.

नोंदणी केलीत तर किंमत जपून ठरवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या जोडाला ५ टक्के, त्याच्या वर १८. म्हणजे २,५०० चा जोड गिऱ्हाइकाला २,६२५ ला पडतो आणि २,६०० चा ३,०६८ ला. शंभर रुपयांच्या हावेपायी गिऱ्हाइकाच्या खिशातून ४४३ जातात, त्यातले ३४३ सरकारला.

महापूर पाहिलेला
खोक्याचं बघा. कुरिअरवाला वजन तराजूवर कमी आणि टेपनं जास्त करतो. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००. बुटाच्या तयार खोक्यात, ३६ बाय २४ बाय १२, भरलंत तर दोन किलोच्या वर धरणार, चप्पल किलोभर असली तरी. दोन्ही चपला तोंडाला तोंड लावून ३४ बाय १४ बाय १० च्या खोक्यात बसवा, एक किलोत काम होतं. खोकी तशी करून घ्या.

आणि जून ते सप्टेंबर ऑर्डर कमी घ्या. चामड्याला बुरशी धरते, गिऱ्हाईक तो पांढरा थर बघून 'जुना माल' म्हणतो. सिलिका जेलची पुडी घाला, प्लॅस्टिकच्या पिशवीत थेट कोंबू नका, आधी कागदात गुंडाळा. साठा माळ्यावर ठेवा. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांवर गेलं की धोका म्हणतात. २०१९ ला माझं गोदाम तळमजल्यावर होतं. पुढं लिहीत नाही.

सुभाषनगरची सून
सगळ्यांचे आभार. हळद-अक्षता वाचून सासूबाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. आणखी एक विचारते, जीआयचा, म्हणजे भौगोलिक मानांकनाचा, शिक्का लावू का? त्या इटलीच्या प्राडा कंपनीनं कोल्हापुरीसारखी चप्पल आपलं नाव न घेता दाखवली, ते प्रकरण झाल्यापासून प्रत्येक जण 'ओरिजिनल का?' विचारतोय.

हिशेबवाला
लगेच नाही. २०१९ ला जीआय मिळालं ते आठ जिल्ह्यांना: आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. तुम्ही त्यात आहातच. पण शिक्का वापरायला चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव लागतं. अर्ज मामंजींच्या नावानं करा, कारागीर ते आहेत. तोवर कुठलं चामडं, बाभळीच्या सालीत कमावलेलं की कसं, कोणी शिवलं, एवढं खरं लिहा.

पेठेतला
आणि दर वाढवा. मोठ्या पायाला चामडं जास्त लागतं हे गिऱ्हाइकाला सांगायला लाजू नका.

सुभाषनगरची सून
पंधरा दिवसांनी लिहिते आहे. वेबसाईट काढली नाही. व्हॉट्सॲपसाठी वेगळा फोन नंबर घेतला, कॅटलॉगला तीनच प्रकार ठेवले. मामंजी आधी म्हणाले, "कागदाच्या पायाला चप्पल? माणूस कुठाय?" काल पोस्टानं पहिलं पान आलं, नाशिकहून. मागं दोन पाय, पुढच्या बाजूला मार्च महिना, त्यात सिलिंडर लागल्याची तारीख आणि दूधवाल्याचे खाडे. डावा पाय ३०.४, उजवा २९.८. मामंजींनी पान दोनदा उलटून बघितलं आणि तळ वेगवेगळे कापायला घेतले.