सांगली महापालिकेत कोणालाच ४० जागा मिळाल्या नाहीत, तर कारभार कोण चालवणार?

विश्रामबागचा सचिव (प्रश्न, जानेवारी २०२६ च्या महापालिका निवडणुकीपूर्वी विचारलेला)

नमस्कार. आमच्या अपार्टमेंटची वार्षिक सभा गेल्या रविवारी झाली. विषयपत्रिकेवर ड्रेनेज आणि घरपट्टी एवढे दोनच विषय होते, तरी निम्मा वेळ महापालिकेच्या येऊ घातलेल्या निवडणुकीवर गेला आणि सभासदांचे दोन तट पडले. एका गटाचे म्हणणे असे, की ७८ जागांच्या सभागृहात कोणत्याही एका पक्षाला ४० जागा मिळाल्या नाहीत, तर महापौर निवडताच येणार नाही आणि ऑगस्ट २०२३ मध्ये मुदत संपल्यापासून सुरू असलेली प्रशासकीय राजवट तशीच पुढे चालू राहील. दुसरा गट ठामपणे सांगत होता, की सहा महिन्यांत फेरनिवडणूक घ्यावी लागते. मला दोन्ही पटले नाही, पण सचिव असूनही दोन्हीपैकी एकही खोडून काढता आले नाही.

म्हणून जाणकारांना विचारतो. त्रिशंकू सभागृहात महापौर कसा निवडला जातो? अंदाजपत्रक कोण मंजूर करतो? आणि कर भरणाऱ्या माणसाने निकालानंतर नेमके कोठे लक्ष ठेवावे? कोणता पक्ष चांगला, ही चर्चा कृपया येथे नको. त्यासाठी हरभट रोडवरचे चहाचे गाडे पुरेसे आहेत.

---

जुना वार्ताहर

सचिव महोदय, तुमच्या सभेतले दोन्ही गट चुकले आहेत, आणि दोघांची चूक एकाच ठिकाणी आहे. विधानसभेचा नियम त्यांनी महापालिकेला लावला आहे.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मध्ये ‘सरकार स्थापन करणे’ असा प्रकारच नाही. सार्वत्रिक निवडणुकीनंतरच्या पहिल्या सभेत नगरसेवक आपल्यातूनच अडीच वर्षांसाठी महापौर आणि उपमहापौर निवडतात. मतदान उघड असते आणि पीठासीन अधिकारी म्हणून बहुधा जिल्हाधिकारी बसतात. एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून अधिक मते मिळालीच पाहिजेत अशी अट नाही; सभेला हजर राहून मत देणाऱ्यांमध्ये जो पुढे जाईल तो महापौर होतो. मते समसमान पडली, तर उमेदवारांसमक्ष चिठ्ठी काढली जाते. म्हणजे कितीही त्रिशंकू सभागृह असले, तरी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत महापौर ठरतोच. प्रशासकाचा कारभारही त्या पहिल्या सभेबरोबर संपतो, आणि तेथून पाच वर्षांची मुदत सुरू होते. बहुमत नाही एवढ्या कारणावरून पालिका बरखास्त होत नाही, मग फेरनिवडणूक कोठून येणार?

४० हा आकडा किती पोकळ आहे, हे आपल्या गावाने स्वतः पाहिले आहे. २०१८ च्या निवडणुकीत भाजपला ४१, काँग्रेसला २०, राष्ट्रवादीला १५ आणि इतरांना २ जागा मिळाल्या होत्या. बहुमत काठावरचे असले तरी ते स्पष्ट होते. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये महापौरपदाची निवडणूक झाली, तेव्हा राष्ट्रवादीचे दिग्विजय सूर्यवंशी ३९ विरुद्ध ३६ मतांनी निवडून आले आणि भाजपचे धीरज सूर्यवंशी पराभूत झाले. (आडनाव एकच असल्याने बाहेरगावचे वाचक अजूनही गोंधळतात.) भाजपच्या पाच सदस्यांनी पक्षाच्या विरोधात मत दिले आणि दोघे गैरहजर राहिले. विजयी उमेदवाराला मिळालेली मते ३९ होती, ४० नव्हेत, हे तुमच्या सभासदांना आवर्जून सांगा. ज्या पक्षाकडे बहुमत होते त्याच्याकडे महापौरपद राहिले नाही, आणि ज्याच्याकडे १५ जागा होत्या त्याच्याकडे ते गेले.

आणखी एक विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे. कायद्यात महापौरांवर अविश्वास ठराव आणण्याची तरतूद नाही. मात्र आयुक्तांना परत बोलवावे असा ठराव एकूण सदस्यांच्या पाच अष्टमांश मतांनी करता येतो. आपल्याकडे ती संख्या ४९ होते. म्हणजे ज्या महापौराला सभागृहाने स्वतः निवडले त्याला ते काढू शकत नाही, पण ज्याला शासनाने पाठवले त्याला परत धाडण्याची मागणी करू शकते! म्हणूनच त्रिशंकू सभागृहात ‘सव्वा वर्ष तुम्ही, सव्वा वर्ष आम्ही’ असे तोंडी करार होतात. ते केवळ शब्दावर चालतात. पहिल्याने सव्वा वर्षानंतर राजीनामा दिला नाही, तर दुसऱ्याला रस्त्यावर येऊन आठवण करून देण्यापलीकडे मार्ग राहत नाही.

---

मिरजेचा मतदार

वार्ताहर साहेबांचा तपशील अचूक आहे, पण त्यांनी एक गोष्ट सौजन्याने टाळली, ती मी सांगतो. आपल्या पालिकेत ‘बहुमत’ हा शब्द पक्षांपेक्षा ‘कारभाऱ्यां’च्या, म्हणजे पक्षापलीकडे गट सांभाळणाऱ्या स्थानिक पुढाऱ्यांच्या, हिशेबाने मोजला जातो. ‘मिरज पॅटर्न’ हे नाव वर्तमानपत्रांनी उगाच दिलेले नाही. सांगली आणि मिरज यांच्यामधली वानलेसवाडी ओलांडली, की पक्षाच्या झेंड्याचा रंग थोडा फिका पडतो आणि वेगवेगळ्या चिन्हांवर निवडून आलेले लोक एकत्र बसून आपल्या शहराच्या वाट्याचा हिशेब करतात. सांगलीकर याला फितुरी म्हणतात. आम्ही मिरजकर म्हणतो, की ९ फेब्रुवारी १९९८ रोजी सांगली, मिरज आणि कुपवाड या तीन गावांची एक महापालिका झाली, तेव्हा तिचे मुख्यालय सांगलीत राहिले. मग आमच्या बाजूने एकजुटीशिवाय दुसरे साधन कोणते होते?

याचे मूळ प्रभागपद्धतीतही आहे. २०१८ मध्ये २० प्रभागांतून ७८ सदस्य निवडले गेले, म्हणजे बहुतेक प्रभाग चार जणांचे होते. मतदाराच्या हातात चार मते असली, की तो दोन मते ओळखीच्या माणसाला आणि दोन चिन्हाला देतो, आणि उमेदवारही पॅनेल बांधताना आतून दुसऱ्या पक्षाच्या एखाद्याशी संधान बांधतात. असे सभागृह निकालाच्या दिवशी एकपक्षीय दिसले, तरी ते मनाने आधीच त्रिशंकू असते.

---

विश्रामबागचा सचिव

दोघांचेही आभार. तरी एक शंका राहते. पक्षांतरबंदी कायदा नगरसेवकांना लागू आहे ना? मग निकालानंतर दुसऱ्या पक्षाशी हातमिळवणी करणारे, किंवा २०२१ मध्ये विरोधात मत देणारे, अपात्र कसे ठरत नाहीत? आणि अपक्षांचे काय?

---

कृष्णाकाठचा वकील

सचिव साहेब, तुमच्या प्रश्नाचे उत्तर दोन वेगळ्या कायद्यांत विभागलेले आहे आणि ते एकत्र वाचल्याशिवाय चित्र स्पष्ट होत नाही.

महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम, १९८६ हा नगरसेवकांना लागू आहे. पक्षादेश, म्हणजे आपण ज्याला व्हिप म्हणतो, तो मोडून मत दिले किंवा गैरहजर राहिले, तर अपात्रतेची तक्रार होऊ शकते. निवडून आल्यानंतर एखाद्या पक्षात प्रवेश करणारा अपक्षही अपात्र ठरू शकतो. महापालिकेच्या बाबतीत हा निर्णय विभागीय आयुक्त देतात, म्हणजे आपल्यासाठी पुण्याचे. मात्र तक्रार, म्हणणे, सुनावणी, अपील आणि स्थगिती या वाटेने जाताना बऱ्याचदा पदाची मुदतच आधी संपते, हा माझा वकिलीतला अनुभव आहे.

आता दुसरा भाग, आणि त्रिशंकू निकालात खरा खेळ येथेच असतो. महापालिका अधिनियमाच्या कलम ३१ अ नुसार खर्चाला मंजुरी देणाऱ्या स्थायी समितीसह विविध समित्यांवर सदस्य नेमताना पक्षांच्या आणि गटांच्या संख्याबळाचे प्रमाण पाहिले जाते. याच कलमात अशी मुभा दिली आहे, की निकालाची अधिसूचना निघाल्यापासून एक महिन्याच्या आत पक्ष, गट किंवा अपक्ष एकत्र येऊन आघाडी नोंदवू शकतात, आणि १९८६ च्या कायद्यात काहीही असले, तरी अशी नोंदणी म्हणजे पक्षांतर ठरत नाही. उलट एकदा नोंदणी झाली, की ती आघाडी निवडणुकीपूर्वीच झाली होती असे मानून पक्षांतरबंदी तिच्या सदस्यांना लागू होते. म्हणजे तो एक महिना मोकळा असतो आणि त्यानंतर दार बंद होते. तुमचा नगरसेवक कोणाच्या दारात उभा आहे, हे प्रचारसभेतून समजत नाही, गट नोंदणीच्या कागदातून समजते.

स्थायी समितीचे गणित एका काल्पनिक उदाहरणाने मांडतो. समजा, चार पक्ष किंवा गट ३६, २४, १४ आणि ४ अपक्ष असे निवडून आले. स्थायी समितीचे सदस्य १६ असतात. प्रमाण काढले, तर ३६ जणांच्या वाट्याला ७.३८, २४ जणांच्या वाट्याला ४.९२ आणि १४ जणांच्या वाट्याला २.८७ येते. चार अपक्ष सुटे राहिले, तर प्रत्येकाचा वाटा ०.२१ एवढाच होतो, म्हणजे काहीच नाही. तेच चौघे ३६ जणांच्या पक्षाबरोबर नोंदले गेले, तर त्या आघाडीची संख्या ४० होते आणि वाटा ८.२१ होतो. याचा अर्थ असा, की सभागृहात ज्यांना बहुमत मिळाले त्यांना स्थायी समितीत १६ पैकी ८ जागाच मिळतात. समोरही ५ अधिक ३ असे आठच जण बसतात. अशा वेळी सभापतीचे निर्णायक मत ज्याच्याकडे जाते त्याच्याकडे खर्चाच्या मंजुरीची किल्ली जाते.

तुम्ही अंदाजपत्रकाबद्दल विचारले होते. ते आयुक्त तयार करून स्थायी समितीपुढे ठेवतात, समिती त्यात बदल करते आणि मग महासभा, म्हणजे सर्व नगरसेवकांची सभा, मंजुरी देते. कराचे दर महासभेने २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात. त्यामुळे घरपट्टीच्या दृष्टीने तुमच्या अपार्टमेंटने महापौराच्या मिरवणुकीपेक्षा स्थायी समितीच्या सभापतीकडे जास्त लक्ष द्यावे. तो दरवर्षी बदलतो, आणि समितीचे निम्मे सदस्यही दरवर्षी निवृत्त होतात.

एक छोटी दुरुस्ती मीच आधी करून ठेवतो, कारण कोणीतरी विचारेलच. स्वीकृत नगरसेवकांना मताचा अधिकार नसतो, म्हणून महापौर निवडीच्या बेरजेत त्यांना धरू नये.

---

राजवाडा परिसर, सातारा

सांगलीच्या धाग्यात सातारकराने बोलणे थोडे धाडसाचे आहे, पण एक फरक सांगावासा वाटतो. आमच्याकडे नगरपालिका आहे आणि २०१६ मध्ये नगराध्यक्षांची निवड थेट मतदारांनी केली. त्या वेळी ४० जागांपैकी उदयनराजेंच्या सातारा विकास आघाडीला २२, शिवेंद्रराजेंच्या नगर विकास आघाडीला १२ आणि भाजपला ६ जागा मिळाल्या; नगराध्यक्षही सातारा विकास आघाडीच्याच झाल्या. त्यामुळे तुमचा प्रश्न आम्हाला तेव्हा पडला नाही. पण त्याच वर्षी तुमच्या जिल्ह्यातल्या इस्लामपुरात, म्हणजे आताच्या ईश्वरपुरात, नगराध्यक्ष राष्ट्रवादीच्या विरोधातल्या विकास आघाडीचे झाले आणि सभागृहात मात्र त्या आघाडीला स्वतःचे बहुमत नव्हते. थेट निवडलेला प्रमुख असला, की पेच सुटतो असे नाही. तो फक्त निवडीच्या दिवसापासून पुढच्या प्रत्येक सभेपर्यंत लांबतो. तुमच्याकडे निदान जो महापौर होतो त्याला त्या दिवसापुरती तरी सभागृहाची मते असतात.

---

कुपवाडकर

एवढी कायदेशीर चर्चा वाचून मला भीती वाटते, की त्रिशंकू सभागृह ही फार मोठी आपत्ती आहे असा वाचकांचा समज होईल. आमचा अनुभव उलटा आहे. एका पक्षाकडे निर्विवाद सत्ता असली, की कुपवाडचे नगरसेवक गृहीत धरले जातात. भुयारी गटार योजना आमच्याकडे किती वर्षे कागदावर राहिली, हे येथे सांगायची गरज नाही. चार-पाच मतांची गरज पडली, की मात्र कुपवाडचा रस्ता सर्वांना आठवतो. तेव्हा आमच्यासारख्या धाकट्या भावाला काठावरचे सभागृहच परवडते.

---

जुना वार्ताहर

कुपवाडकरांचे म्हणणे मला अर्धे मान्य आहे. मत मोलाचे झाले, की रस्ता मिळतो हे खरे. पण त्याच मोलापायी निकालानंतर नगरसेवक सहलीला पाठवले जातात आणि महापौर निवडीच्या सकाळी थेट सभागृहाच्या दारात उतरतात, हेही मी पाहिले आहे. शिवाय काठावरच्या सभागृहात विरोधी पक्ष नेमका कोणता, हेच समजेनासे होते. प्रत्येक जण कोणत्या तरी समितीत सत्तेत असतो, त्यामुळे शेरीनाल्याचे सांडपाणी कृष्णेत का मिसळते, या प्रश्नावर प्रत्येकाला दुसऱ्याकडे बोट दाखवता येते.

दैनंदिन कारभाराची चिंता मात्र कोणी करू नये. कार्यकारी अधिकार कायद्याने आयुक्तांकडे आहेत. महापुरात पाणी आयर्विन पुलापाशी किती फुटांवर आले आहे, हे पाहून लोकांना हलवण्याचा निर्णय महापौर कोणत्या आघाडीचा आहे यावर थांबत नाही. सभागृहात अडते ते धोरण, मोठा खर्च आणि कर. तेथेच महासभेच्या विषयपत्रिकेवर ‘ऐनवेळचे विषय’ म्हणून काय घुसवले जाते आणि उपसूचनेने मूळ ठराव कसा बदलला जातो, हे पाहावे लागते. सभेचे इतिवृत्त मागितले, तर त्यात सूचक आणि अनुमोदक यांची नावे असतात. सत्तेत कोण आणि विरोधात कोण, हे मला नेहमी त्या दोन नावांवरून समजत आले आहे.

---

विश्रामबागचा सचिव

वकील साहेबांचे ३६, २४, १४ आणि ४ चे गणित मी कागदावर काढून सूचनाफलकावर लावले आहे. दोन्ही गटांचे सभासद त्यापुढे उभे राहून भांडत आहेत, पण आता निदान कलम ३१ अ वर भांडत आहेत. आमच्या प्रभागातले उमेदवार मते मागायला आले, तर त्यांना ड्रेनेजबरोबर आणखी एक प्रश्न विचारायचे ठरले आहे: निकालानंतरच्या एका महिन्यात आपण कोणाबरोबर गट नोंदवणार, आणि ते आज लेखी द्याल का?