तिने एकदाही ‘नाही’ म्हटलं नाही

प्रेषक : ऑन नुटला नवीन आलेली
विषय : सल्ला हवाय

नमस्कार मंडळी,

पुण्याहून इथे बँकॉकला येऊन मला साडेचार महिने झाले. आपल्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या आरतीला तुमच्यापैकी बऱ्याच जणांशी ओळख झाली, म्हणून हे इथे लिहायचा धीर करतेय.

ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर एक जण बसते. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी, म्हणून सगळ्यांसारखी मीही तिला ‘पी’ म्हणते. आल्या दिवसापासून तिने मला हाताला धरून चालवलं. घर बघायला ती बरोबर आली, अनामत रकमेचं घरमालकिणीशी तीच बोलली. बँकेतलं खातं, दाताचा डॉक्टर, पलंग आणि पडदे, सगळीकडे ती. परदेशी माणसाला दर नव्वद दिवसांनी पत्त्याची नोंद करावी लागते, त्यातली पहिली करायला चेंग वत्थनाच्या इमिग्रेशन ऑफिसात जायचं होतं, तेव्हा तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. मी विचारायचे, “पी, या शनिवारी जमेल का?” ती हसून म्हणायची, “दाइ खा.” जमेल. दर वेळी.

परवा जेवणाच्या सुट्टीत दुसऱ्या एकीकडून कळलं की पीची आई अयुथयाला एकटी असते, गुडघ्यांनी अधू आहे, आणि पी दर शनिवारी तिच्याकडे जायची. सप्टेंबरातले तीन शनिवार ती गेली नाही, ते माझ्या पलंगापायी आणि पडद्यांपायी.

तिने एकदाही ‘नाही’ म्हटलं नाही. कपाळाला आठीसुद्धा घातली नाही. दोन रात्री मला झोप नाही. उद्या सगळ्यांसमोर तिची माफी मागावी असं मनात आहे. तुम्ही इतकी वर्षं इथे आहात. काय करू?

---

प्रेषक : नोंथाबुरीचे काका
विषय : उत्तर : सल्ला हवाय

पोरी,

सगळ्यांसमोर माफी मागू नकोस. तू मोकळी होशील, पण ती अवघडून जाईल. इतके दिवस तिने जे झाकून ठेवलं ते तू चारचौघांत उघडं केलंस असं होईल.

ती जे वागली त्याला थाईत ‘क्रेंग जाइ’ म्हणतात. ‘जाइ’ म्हणजे मन, ‘क्रेंग’ म्हणजे धाक, दबून असणं. दुसऱ्याच्या मनाचा धाक. गोरे लोक या शब्दापाशी हटकून अडतात, आपल्याला मात्र अडायचं कारण नाही. आपल्याकडे शब्द तयार आहे : भीड. शेजारीण वाटी घेऊन दारात आली की आपल्या आया डब्याच्या तळातली शेवटची साखर काढून द्यायच्या आणि चहा गुळाचा करायच्या, ते हेच. फरक एवढाच की आपण ‘भीड भिकेची बहीण’ म्हणत मुलांना ती सोडायला शिकवतो. इथे तो संस्कार आहे. ज्याला क्रेंग जाइ नाही तो कितीही शिकलेला असो, आडदांडच.

मी आलो ते २५४६ साली, म्हणजे आपल्या २००३ मध्ये. एका कारखान्यात हाताखाली चौदा माणसं होती. एका मीटिंगमध्ये मी एका तरुण पोराला सगळ्यांदेखत विचारलं, “हे अजून का झालं नाही?” आवाज नेहमीचाच होता, आपल्याकडे त्याला कुणी आवाज चढवणं म्हणणार नाही. तो हसला. मला वाटलं, याला कामाचं गांभीर्यच नाही, म्हणून आणखी दोन शब्द बोललो. तो आणखी हसला. पुढच्या सोमवारी त्याचा राजीनामा माझ्या टेबलावर होता. ते हसू शरमेचं होतं, हे मला सहा महिन्यांनी आमच्या वॉचमनने समजावलं. त्या पोराचा चेहरा अजून डोळ्यांसमोर येतो. म्हणून हे तुला आत्ताच सांगतोय.

आता पुढचं. “या शनिवारी जमेल का?” हा तुझ्या मते प्रश्न आहे, पण तिच्यासमोर त्यातून एकच दार उघडतं. दुसरं दार तू उघडून द्यायचंस. “घाई नाही, पुढच्या महिन्यातही चालेल, आणि दुसरं कुणी आहे माझ्याकडे” असं आधी सांगायचं, मग विचारायचं. आणि उत्तर कानाने कमी, डोळ्यांनी जास्त ऐकायचं. ती ‘दू कॉन’, म्हणजे ‘आधी बघते’, म्हणाली किंवा उत्तराआधी जरा जरी थांबली, तर ते ‘नाही’ समज आणि विषय बदल.

परतफेड पैशाने किंवा महागड्या वस्तूने करायला जाऊ नकोस. थाईत आणखी एक शब्द आहे, ‘नाम जाइ’. ‘नाम’ म्हणजे पाणी. मनातलं पाणी, आपण ज्याला ओलावा म्हणतो तो. पोमेलो, म्हणजे आपली पपनसं, घे चांगले दोन-तीन, दोन्ही हातांनी दे, आणि सांग की हे आईंसाठी आहेत. तेवढ्यात तिला सगळं कळेल.

---

प्रेषक : चिआंग माईची ताई
विषय : उत्तर : उत्तर : सल्ला हवाय

काका, तुमचं पटलं, पण सगळं नाही.

भीड सहसा खालून वर असते. बॉसची, सासऱ्यांची, पाहुण्यांची. इथे ती पी आहे, थोरली. आणि ही नाँग, म्हणजे धाकटी. पी-नाँग हे नुसतं हाक मारण्यापुरतं नसतं. जेवायला गेलं तर बिल पीने द्यायचं, नाँग चुकली तर पीने सावरायचं, नवीन नाँग आली तर तिला रस्ता दाखवायचा. माझ्या मते ती भिडेने आली नाही. तिने तुला पदरात घेतलं होतं म्हणून आली. अगं, त्यामुळे नुसतं ‘मी त्रास दिला’ या भावनेत राहू नकोस. तुझ्या बाजूनेही नातं निभव. नाँगचीही कामं असतात. तिच्या आईकडे तिच्याबरोबर जा आणि तिथे भांडी घास.

दुसरं, इथल्या सगळ्याच माणसांना एका मापाने मोजू नका. माझ्या बाजारातली भाजीवाली मला तोंडावर सांगते की कोथिंबीर अशी चिवडू नकोस. तरुण मुलं तर बरंच स्पष्ट बोलतात. शिवाय आमच्याकडे उत्तरेत भाषाही वेगळी पडते. बायका वाक्याच्या शेवटी आदराने लावतात त्या ‘खा’च्या जागी ‘जाओ’ म्हणतात, कानाला फार गोड लागतं.

विषय निघालाच आहे तर मनात बरेच दिवस असलेलं लिहिते. आपल्याला इथे ‘खॅक’ म्हणतात. गोऱ्यांना फरांग, आपल्याला खॅक. पहिल्या वर्षी रिक्षावाल्याच्या, म्हणजे टुकटुकवाल्याच्या, तोंडून तो शब्द ऐकला आणि घरी येऊन रडले, कारण मला कुणीतरी सांगितलं होतं की ती शिवी आहे. मग माझ्या थाईच्या शिक्षिकेने मला तिच्या घरातली पुढची खोली दाखवली आणि तिचं नाव सांगितलं : ‘हाँग रप खॅक’. पाहुण्यांना बसवायची खोली, आपला दिवाणखाना. खॅक म्हणजे पाहुणा.

तेव्हापासून तो शब्द बोचत नाही, बोलणाऱ्याचा सूर तेवढा ऐकते. पण खरं सांगू? पंधरा वर्षं झाली, मुलगी इथे जन्मली, तिच्या शाळेत सकाळी झेंड्याला उभी राहून मी त्यांचं राष्ट्रगीत म्हणते, आणि तरी मी पाहुणीच. याचं दुःख नाही म्हटलं तर खोटं होईल. राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकावर परदेशी माणसाचा दर कितीतरी पट जास्त असतो, आणि त्यांचा स्वतःचा दर कित्येकदा थाई अंकांत लिहिलेला असतो. मला ते अंक वाचता येतात. म्हणूनच जास्त लागतं.

---

प्रेषक : सिलोमहून, आई-बाबा येणार आहेत
विषय : उत्तर : उत्तर : उत्तर : सल्ला हवाय

मध्येच घुसतोय, विषय वेगळा आहे, पण पाहुण्यांचं निघालंच आहे म्हणून सांगतो. आई-बाबा घटस्थापनेला येतायत, दोघंही शाकाहारी. जेवणातल्या माशाच्या रसाचं, म्हणजे फिश सॉसचं, काय करायचं या काळजीत होतो. बहुतेक वर्षी आपलं नवरात्र आणि इथला ‘जे’ हा शाकाहाराचा सण, दोन्हींचे नऊ-नऊ दिवस एकाच सुमाराला येतात, यंदाही तसंच आहे. लाल अक्षरांचे पिवळे झेंडे लागलेल्या गाडीवर निर्धास्त खा. मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, दूध नाही, कांदा-लसूणसुद्धा नाही. आईला चातुर्मास मोडल्यासारखं वाटायला नको, एवढंच मला हवं होतं. दसऱ्याला वट खॅकच्या, म्हणजे इथल्या मरिअम्मनच्या देवळातल्या, देवीची मिरवणूक इथूनच निघते, ज्यांना यायचं त्यांनी माझ्या घरी थांबा.

बाकी सर्वांच्या पाहुण्यांसाठी : येण्याआधी तीन दिवसांच्या आत थायलंडचा ऑनलाइन प्रवेश-अर्ज भरायला सांगा, तो फुकट असतो. आणि कुणाच्या भाच्याच्या खिशात ई-सिगारेट असेल तर ती भारतातच राहू दे. इथे बंदी आहे, हसण्यावारी नेतात असं समजू नका.

---

प्रेषक : ऑन नुटला नवीन आलेली
विषय : जाऊन आले

काका, ताई, दोघांचंही ऐकलं.

सोमवारी पोमेलो नेले. “आईंसाठी,” एवढंच म्हटलं. पी माझ्याकडे बघत राहिली, मग तिने फळं टेबलाखाली ठेवली आणि कामाला लागली. संध्याकाळी निघताना मी विचारलं, “शनिवारी अयुथयाला मी येऊ? तू ने म्हणून नाही. आपली मीच येते.” ती हसली. पण आता मी नुसतं हसू बघत नाही. तिचे खांदे खाली आले होते.

हुआ लाम्फोंगहून तिसऱ्या वर्गाच्या गाडीने गेलो. खिडक्या सताड उघड्या, दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, आणि समोर एक आजी मांडीवर कोंबडीची टोपली घेऊन. घर लाकडी, खांबांवर उभं. अंगणात छोटंसं देवघर होतं, त्यात लाल फँटाची बाटली स्ट्रॉ घालून ठेवलेली. पी म्हणाली, “फ्रा फूम.” ‘फूम’ म्हणजे भूमी, ते मला तिथे उभ्या उभ्या उमगलं. गुहागरला माझी आजी जागेवाल्याला नारळ ठेवायची, विहिरीच्या वाटेवर. मी चपला काढून तिथेही हात जोडले. आई वरून बघत होत्या.

वर गेल्यावर त्यांचा पहिला प्रश्न : “किन खाओ रु यांग?” भात खाल्लास का? ओळख नाही, नाव विचारलेलं नाही, आधी जेवणाचं. मला एकदम आमच्या वाड्यातल्या काकू आठवल्या.

चटईवर पाय एका बाजूला दुमडून बसायला पीने शिकवलं, तळवे आईंकडे किंवा मूर्तीकडे होता कामा नयेत. दहा मिनिटांत मुंग्या आल्या. जेवायला भात आणि अळिंबीची परतलेली भाजी. आई जेचे नऊ दिवस पाळत होत्या, त्यामुळे मला काहीच सांगावं लागलं नाही. पहिला घास घेतला आणि थांबले. वास आमच्या वृंदावनाचा. ‘कफ्राओ’ म्हणजे आपली तुळसच. इतकी वर्षं तिला पाणी घातलं, प्रदक्षिणा घातल्या, आणि आज ती मिरचीबरोबर कढईत. घास घशाखाली उतरायला क्षणभर लागला. मग वाटलं, समोरची माऊली दुखऱ्या गुडघ्यांनी अंगणात उतरून ही पानं खुडून लागली असेल कामाला, माझ्यासाठी. सगळं खाल्लं आणि पुन्हा मागून घेतलं.

आईंनी विचारलं, पुणं मुंबईपासून कुठे? मला ‘जवळ’ म्हणायचं होतं. ‘क्लाय’ म्हटलं, सूर सपाट लागला आणि त्याचा अर्थ झाला ‘लांब’. आईंनी माझा हात हातात घेतला आणि कितीतरी वेळ धरून ठेवला, इतक्या लांबून पोर एकटी आली म्हणून. मी चूक दुरुस्त केली नाही.

भांडी मी घासली. आईंच्या खोलीतलं जड कपाट पी आणि मी ढकलून खिडकीपासून हलवलं, ते काम म्हणे तीन आठवडे राहिलं होतं. येताना स्टेशनजवळ रोटी साय माय घेतली, पातळ पोळीत गुंडाळलेले म्हातारीचे केस.

गाडीत मी पीला म्हटलं, “पुढच्या शनिवारी एसी दुरुस्त करायला माणूस येणार आहे. घाई नाही, मंडळातल्या कुणाला तरी विचारीन. पण तुला जमत असेल तर...” 

ती खिडकीबाहेर बघत होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “माइ दाइ. मे रो.” नाही जमणार. आई वाट बघते.

पाच महिन्यांत पहिल्यांदा. मी तिच्या हातात रोटीची दुसरी पिशवी ठेवली.

तर शनिवारी सकाळी अकरा वाजता, ऑन नुट स्टेशनपासून चालत पाच मिनिटं, एसीवाल्याशी थाई बोलू शकेल असं कुणी मोकळं आहे का? पुढच्या आठवड्यातही चालेल. खरंच मोकळं असेल तरच कळवा.