मदत हवी आहे: कोटिंग मारूनही कौलारू छप्पर गळतंय

वळचण
कौलांवर वॉटरप्रूफ कोटिंगचे दोन हात मारून झाले. आढ्यावरचं जुनं सिमेंट उकरून नवीन भरलं. तरी आतल्या खोलीत थेंब पडतातच. आता कोणतं केमिकल मारू? 'सगळं छप्पर उतरवा' असं कृपया सांगू नका, तेवढा वेळ नाही. पुन्हा ढग भरून आलेत. लवकर सांगा.

दोनसूत
कौल मंगलोरी की नळीचं? कौलांखाली नुसत्या रीपा (कौलं टेकवायच्या आडव्या लाकडी पट्ट्या) आहेत, फळ्या आहेत की पत्रा? उतार किती? थेंब पाऊस चालू असताना पडतात की थांबल्यावर? ही माहिती नसताना केमिकलचं नाव सांगणं म्हणजे अंधारात दगड मारणं.
उतार असा मोजा: एक मीटरची पट्टी लेव्हलमध्ये आडवी धरा, एक टोक वाशाला खालून टेकवा आणि दुसऱ्या टोकापासून वर वाशापर्यंतचं उभं अंतर घ्या. ५८ सेंमी आलं तर ३०°, ४७ आलं तर २५°.

कोबा
कोटिंग टिकत नाही कारण त्याखाली पाया धड नसतो. आधी जुना गिलावा पूर्ण काढा, भेगा इंग्रजी व्ही आकारात उघडून भरा, मग विटांच्या तुकड्यांचा कोबा घाला. १०० ला १ उतार पाण्याच्या तोंडाकडे हवा. भिंत आणि स्लॅब मिळतात तो कोपरा मसाल्याने गोल करा. शेवटी ४८ तास पाणी भरून ठेवा आणि खालून बघा.

दोनसूत
कोबा, हे सगळं स्लॅबला बरोबर आहे, पण धागा कौलांचा आहे. कौलांवर पाणी भरून कसं ठेवणार?

वळचण
मंगलोरी. ४२ सेंमी आलं. कौलांखाली सपाट पत्रा, त्यावर रीपा, त्यावर कौलं. नेहमीसारखंच. केमिकलचं कुणी सांगेल का?

पन्हळ
४२ म्हणजे जेमतेम २३°. मंगलोरी कौलाला हा उतार कमीच. वाऱ्याचा पाऊस खाचांतून उलटा वर चढतो.
माझं मत सरळ आहे: कौलं उतरवा आणि पन्हळीचा रंगीत पत्रा टाका. दोन पत्रे एकावर एक येतात तिथे या उताराला किमान २०० मिमी चढाव, बाजूला दीड पन्हळ. स्क्रू पन्हळीच्या माथ्यावर, रबरी वॉशरसकट. वॉशर चपटा होऊन कडेने बाहेर आला तर स्क्रू जास्त आवळला गेलाय, तोच पुढे गळणार. स्क्रू वाकडा गेला तरी तेच.

आढं
पन्हळ, छप्पर उतरवायचं नाही असं त्यांनी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय. शिवाय आत दमट हवा असेल तर उघडा पत्रा कौलापेक्षा जास्त घामेजतो.
वळचण, आडव्या रीपा थेट पत्र्यावर ठोकल्या आहेत का? मध्ये उताराच्या दिशेने उभ्या पट्ट्या नाहीत? तसं असेल तर कौलाखाली शिरलेलं पाणी प्रत्येक रिपेच्या वरच्या अंगाला अडतं. रीप भिजत राहते, खिळ्याचं भोक गंजून मोठं होतं आणि तिथूनच आत थेंब येतो. पत्र्यावर आधी उभ्या पट्ट्या, किमान ८ सूत (एक इंच) जाड, प्रत्येक वाशावर एक, आणि त्यांच्यावर आडव्या रीपा. म्हणजे पाणी रिपांखालून वळचणीपर्यंत निघून जातं.
आणि ते कोटिंग. मातीचं कौल पाणी पितं आणि सोडतं. वरून थर दिला तरी कडांतून आणि खालून ते पितच राहतं, पण वाळायची वाट बंद होते. थर कौलांच्या खाचांत उतरला असेल तर पाणी वाहून जायची जागाही बुजते. तिसरा हात मारू नका.

चुनखडी
आढ्यावर सिमेंट भरलंय हे सगळ्यांच्याच नजरेतून सुटलंय. लाकूड ओलं झालं की फुगतं, वाळलं की आखडतं. सिमेंट हलत नाही, त्यामुळे एकतर ते कौलापासून सुटतं नाहीतर कौल फोडतं. केसाएवढी भेग पडली की पाणी आत ओढलं जातं. १ भाग चुना, ३ भाग चाळलेली वाळू. दुसरं काही नको.

दोनसूत
साधा चुना हवेनेच आवळतो आणि सतत ओल्या हवेत त्याला कित्येक आठवडे लागतात. तोवर पावसाने धुऊन जाईल. १ सिमेंट, १ चुना, ६ वाळू घ्या.

चुनखडी
मग पाण्यातही घट्ट होणारा (हायड्रॉलिक) चुना वापरा. सिमेंट मिसळलं की चुन्याचा लवचीकपणा गेला.

दोनसूत
पूर्ण जात नाही, कमी होतो. पण मसाला कुठलाही असो, तो कौलाच्या कडेपासून बोटभर आत ठेवा. बाहेर आलेला मसाला पाणी धरतो.

वळचण
चुना-सिमेंट नंतर भांडा. पाऊस नसला तरी पहाटे टपकतं, त्याचं काय? कोरडी रात्र असली तरी.

आढं
हे पहिल्या ओळीत हवं होतं! आकाश निरभ्र असलं की पत्रा रात्री हवेपेक्षा थंड होतो आणि खोलीतली दमट हवा त्याच्या खालच्या अंगाला दव सोडते. आज रात्री हे करा: पत्र्याच्या खालच्या बाजूला चार ठिकाणी फूटभर चौकोनी ॲल्युमिनियम फॉइल घट्ट चिकटवा, चारही कडा टेपने बंद. सकाळी खोलीकडच्या बाजूला थेंब असतील तर दव, फॉइलच्या मागे पाणी असेल तर गळती.

शेवाळ
कौलांवर शेवाळ आहे का? असेल तर कोरड्या दिवशी लाकडी पट्टीने वरून खाली खरवडा. जोराच्या फवाऱ्याने कौलाची पक्की साल निघते आणि पुढच्या वेळी शेवाळ दुप्पट धरतं. आढ्याखाली तांब्याची पट्टी बसवली तर तिच्यावरून येणाऱ्या पाण्यामुळे खालचं शेवाळ कमी होतं.

भुंगा
विषय निघालाच आहे तर, वाशांतून पीठ पडतंय. डिझेल लावू का?

आढं
नको. आग लागायचा धोका, आणि फायदा तात्पुरता. बोरिक ॲसिड १०० ग्रॅम, बोरॅक्स १५४ ग्रॅम, ५ लिटर गरम पाणी. ब्रशने दोन-तीन हात. हे पावसाने धुतलं जातं, म्हणून फक्त आतल्या लाकडाला. आधी स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. सहज आत गेला तर वासा आतून गेलाय. औषध त्याला ताकद देणार नाही, शेजारी जोडवासा बोल्टने आवळा.

वळचण
तीन फॉइलना खोलीकडून थेंब. भिंतीजवळच्या फॉइलमागे पाणी, पाऊस पडून गेल्यावर. म्हणजे दोन्ही?

आढं
दोन्ही. भिंतीचं आधी करा, त्याला छप्पर उतरवावं लागत नाही. कडेच्या दोन ओळी कौलं काढली की पुरे. तिथे कोपऱ्यात सिमेंटची गोलाकार पट्टी भरलेली असेल तर ती फोडा. काटकोनात वाकवलेला पत्रा बसवा: भिंतीवर १५० मिमी वर, तेवढाच कौलांखाली, कौलांखालची कड उलटी दुमडलेली. भिंतीतली वरची कड २५ मिमी खोल खाचेत.
दवासाठी हवा खेळू द्या. छताखालच्या क्षेत्रफळाच्या १५० व्या भागाइतकी मोकळी जागा, निम्मी वळचणीला आणि निम्मी आढ्याजवळ. ३० चौ. मीटरला २,००० चौ. सेंमी होते. जाळीच्या तारा त्यात धरू नका.

पन्हळ
पत्र्याला खालून ग्लासवूल लावा, झालं.

आढं
उघडं ग्लासवूल दव पितं आणि लोंबतं. बंद पेशींचा, म्हणजे पाणी न पिणारा फोम पत्र्याला पूर्ण चिकटवा. मध्ये पोकळी राहिली तर दव तिथे जमेल. रीपा मात्र पाऊस संपल्यावर उचलाव्याच लागतील.

वळचण
स्वयंपाकघराच्या पंख्याची नळी छताखालीच सोडली आहे. ती चालेल ना?

दोनसूत
नाही! ती आजच बाहेर काढा.