नवा अ‍ॅम्प आणला की आधी स्पीकर काढून फेकायचा?

तारसप्तक:
परवा तीसमारखाँ यांनी छातीठोकपणे लिहिलं: "गिटारच्या अ‍ॅम्पमध्ये आतच येणारा कंपनीचा स्पीकर म्हणजे पैसे वाचवायला भरलेलं भंगार. अ‍ॅम्प घरी आला की आधी तो काढा, सेलेशनचा व्हिंटेज ३० स्पीकर बसवा, मगच गिटार लावा." खाली +१ ची रांग. राहवलं नाही म्हणून लिहितोय.

ज्याला तुम्ही 'अपग्रेड' म्हणता तो कुठल्यातरी अ‍ॅम्पमधला कंपनीचाच स्पीकर आहे. व्हॉक्स एसी३० मधले निळे, अल्निको चुंबकाचे सेलेशन स्पीकर व्हॉक्सनेच घातले होते. साठच्या दशकातल्या मार्शल कॅबिनेटांत सेलेशनचेच ग्रीनबॅक स्पीकर नंतर कुणी हौसेने बसवले नव्हते. फेंडरच्या जुन्या ट्वीड अ‍ॅम्पांमध्ये जेन्सनचे स्पीकर होते, तेही मूळचेच. आणि खुद्द व्हिंटेज ३०? मेसाच्या आणि ऑरेंजच्या चार-बाराच्या (बारा इंची चार स्पीकरांच्या) कॅबिनेटांत तो आतच येतो. त्या मालकांनी आता काय काढून फेकायचं?

पण माझं खरं दुखणं तुलनेच्या पद्धतीचं आहे. जुना काढला, वायरी सोल्डर केल्या, नवा बसवला, व्हॉल्यूम होता तिथेच, आणि "अहाहा, आवाज उघडला!" अहो, उघडला नाही, वाढला. व्हिंटेज ३० ची सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच ताकदीवर किती मोठं वाजतो ते) १०० डेसिबल, सेलेशनच्याच क्रीमबॅक एम-६५ ची ९७. तीन डेसिबल म्हणजे २० वॉटचा अ‍ॅम्प ४० चा केल्यासारखं. जरा मोठं वाजलेलं कानाला नेहमीच भरदार वाटतं. शिवाय सोल्डरिंगच्या खटाटोपात मधे अर्धा तास जातो. तोवर आधीचा आवाज कुणाच्या कानात टिकतो?

स्पीकरने फरक पडत नाही असं मी म्हणत नाहीये. अ‍ॅम्पची ट्यूब (व्हॉल्व्ह) बदलून पडतो त्याच्या कितीतरी पट पडतो. म्हणूनच तुलना नीट करा. लूपरमध्ये (वाजवलेलं तेच पुन्हा पुन्हा ऐकवणारं पेडल) एक रिफ भरा, दोन्ही स्पीकर सारख्या मोठ्याने वाजतील असं मीटर लावून जुळवा, आणि मग बोला.

तीसमारखाँ:
नाव घेऊन धागा काढलात, धन्य झालो. डेसिबलची पोथी बाजूला ठेवा. माझ्या कॉम्बोतला (अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) कंपनीचा स्पीकर बँडमध्ये ऐकूच यायचा नाही. ड्रम सुरू झाले की गिटार गायब. नवा लावला त्या दिवसापासून बासवाला मला "कमी कर" म्हणायला लागला. याहून मोठा पुरावा कुठला हवाय?

तारसप्तक:
"कमी कर" म्हणाला ना? मग मी वेगळं काय लिहिलंय?

तीसमारखाँ:
मोठं वाजणं आणि पुढे येणं यात फरक असतो, साहेब. व्हिंटेज ३० ला दोन-तीन किलोहर्ट्झच्या आसपास उंचवटा आहे. झांजांच्या आणि बासच्या मधून गिटार तिथूनच वाट काढते. घरात एकटे बसून मीटर बघणाऱ्यांना ते कळायचं नाही.

तारसप्तक:
उंचवट्याचं मान्य. मग "मला उंचवटा हवा होता" असं लिहायचं. बाकीच्यांचा स्पीकर भंगारात कशाला काढता?

खर्जवेडी:
त्याच उंचवट्याने मिक्स करताना माझं डोकं उठतं. दर वेळी तिथेच कात्री लावावी लागते. आणि सगळे स्पीकरवर भांडताय, माइकचं नाव कुणी काढत नाही. एसएम५७ माइक स्पीकरच्या कागदी कोनच्या मध्यावरून दोन बोटं कडेला सरकवा, स्पीकर बदलल्याएवढा फरक पडतो. फुकट.

उघडी_पाठ:
माइक सोडा, तुमचे कान कुठे असतात ते आधी सांगा. कॉम्बो जमिनीवर, आपण उभे. १२ इंची कोनचा ट्रेबल सरळ झोतासारखा पुढे जातो, म्हणजे पोटऱ्यांना ऐकू येतो. लोक तो 'दबका' आवाज ऐकून स्पीकर बदलतात आणि समोर बसलेल्या श्रोत्याचे कान सोलतात. आधी अ‍ॅम्प मागे कलता करा किंवा खुर्चीवर चढवा, मग खरेदीला निघा. मी हे सांगून थकलो, पण चालू द्या.

रिफमोडे:
तारसप्तक यांच्याशी शंभर टक्के सहमत. मी चांगला नावाजलेला स्पीकर आणून बसवला, तर आवाज मेलाच. पंजा मारला तरी काही उठेना. परत मूळचा लावला आणि अ‍ॅम्पमध्ये जीव आला. कंपनीवाले मूर्ख नसतात.

ओहमकार:
अ‍ॅम्प ट्यूबचा की ट्रान्झिस्टरचा? मूळचा किती ओहम? नवा किती?

रिफमोडे:
ट्रान्झिस्टर. मूळचा ८. नवा १६, तोच हाताशी होता. का?

ओहमकार:
का म्हणजे? ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पला ८ च्या जागी १६ लावलात की ताकद जवळजवळ निम्मी मिळते. मग आवाज मरेल नाहीतर काय होईल? ट्यूबवाल्यात आउटपुट ट्रान्सफॉर्मरला बहुधा ८ आणि १६ चे वेगळे टॅप (जोडण्या) असतात, तिथे जुळवता येतं. आणि विषय निघालाच आहे तर: मल्टिमीटर लावून "साडेसहाच दाखवतोय, स्पीकर गेला" म्हणणाऱ्यांनो, तो डीसी रोध आहे, स्पीकरवर लिहिलेला ८ हा एसीवरचा आकडा. ८ ओहमच्या धडधाकट स्पीकरला सहा-सातच दिसतो. किती वेळा लिहायचं हे?

रिफमोडे:
ओहमकारांचा विजय असो. तरी मला मूळचाच आवडतो.

जुना_कागद:
सगळे मुळावर घाव घालायचं सोडून फांद्या तोडताय. नवा स्पीकर खोक्यातून काढून लगेच तुलना करणं हाच त्याच्यावर अन्याय आहे. कोन ताठ, स्पायडर (कोनला मागून धरणारी लवचिक चकती) आवळलेला. वीसेक तास दणकून वाजू दे, मग निकाल द्या. मी तर ट्यूब तापवायच्या फिलामेंट ट्रान्सफॉर्मरचे ६.३ व्होल्ट एसी देऊन तो रात्रभर गुणगुणत ठेवतो. ८ ओहमला साधारण ५ वॉट पडतात, स्पीकरला काही होत नाही.

खर्जवेडी:
आणि सकाळी गोड वाटतो, कारण रात्रभर तुम्ही झोपलेले असता. स्पायडर सैलावतो, अनुनाद (ज्या कंप्रतेला कोन आपसूक जास्त हलतो ती) थोडा उतरतो, हे मोजता येतं, वाद नाही. पण तो अनुनाद असतो कुठे? व्हिंटेज ३० चा ७५ हर्ट्झला. गिटारची मोकळी सहावी तार ८२ ला. म्हणजे जो काही बदल आहे तो तळाशी. तुमची सगळ्यांची तक्रार मात्र वरच्या कर्कशपणाची. स्पायडर तिथे काय करणार?

जुना_कागद:
ताई, हायफाय आणि गिटार स्पीकर यांत गल्लत होतेय. हायफायला रबराची नाहीतर फोमची कड असते. गिटार स्पीकरची कड बहुतेक वेळा कोनच्याच कागदाची, चुण्या पाडलेली. ती मऊ झाली की कोनच्या टोकावरून उलट फिरणाऱ्या लहरी जास्त जिरतात, आणि ते वरच्याच पट्टीत ऐकू येतं. वाचून नाही, कोन हाताळून सांगतोय.

खर्जवेडी:
"ताई" म्हटल्याने मुद्दा पटत नसतो. कडेचं तुमचं गणित शक्य आहे, पण किती? मी एकाच मॉडेलचे दोन स्पीकर, एक भरपूर वाजलेला आणि एक कोरा, एकाच माइकखाली ठेवून रेकॉर्ड केलेत. फरक होता. पण दोन कोरे ठेवले तरी थोडा फरक निघालाच. मग यातला मुरण्याचा वाटा कुठला आणि कारखान्यातून निघतानाच असलेला कुठला?

जुना_कागद:
म्हणजे फरक होता. मी एवढंच म्हणत होतो.

खर्जवेडी:
अर्धं वाक्य उचलून गुलाल उधळायचा असेल तर खुशाल उधळा.

तीसमारखाँ:
दोन महिन्यांत माझा आधीपेक्षा मऊ झालाय, हे मात्र खरं. आता कुणी म्हणेल कान सरावले.

खर्जवेडी:
कान सरावले.

उघडी_पाठ:
किंवा मधल्या काळात अ‍ॅम्प भिंतीपासून हलवला असेल. मागून उघड्या कॅबिनेटचं अर्धं बास भिंतीच्या अंतरावर असतं. पण माझं कोण ऐकतंय.

जुना_कागद:
मोजपट्टी घेऊन संगीत ऐकणाऱ्यांशी बोलण्यात अर्थ नाही. माझ्याकडचे जुने स्पीकर ऐकले असते तर हा वादच झाला नसता.

तारसप्तक:
मुरण्यासाठी वेगळा धागा काढा, हात जोडतो. मूळ प्रश्न तुलनेचा होता. तीसमारखाँ, तुमच्याकडे कंपनीचा स्पीकर अजून असेल तर दोन सारख्या कॅबिनेटांत दोन्ही बसवा, पातळी जुळवा, स्विच दुसऱ्याच्या हातात द्या. तुम्ही पाठ करून बसा. दर वेळी व्हिंटेज ३० ओळखलात तर मी तुमच्या त्या पोस्टखाली स्वतः +१ लिहीन.

तीसमारखाँ:
ओळखीन तर डोळे मिटून. पण परीक्षा ड्रमर वाजत असतानाच होईल. एकट्या खोलीतला निकाल मी मानणार नाही. आणि कंपनीवाल्याचं व्हॉल्यूम वाढवून पातळी जुळवलीत तर ती मेहेरबानी झाली, तुलना नव्हे.

तारसप्तक:
मेहेरबानी?! अहो, त्याशिवाय तुलना होते तरी कशी? वर एवढं लिहिलं ते वाचलंत का?

जुना_कागद:
आणि कंपनीचा वर्षानुवर्षं वाजलेला, व्हिंटेज ३० दोन महिन्यांचा. ही परीक्षा मला मान्य नाही.