मदत हवी आहे: पाइपच्या तंबाखूची वडी पावसात कशी दाबावी?

मंडळी, पाइपसाठी व्हर्जिनिया आणि बर्ली या तंबाखूच्या दोन जाती मिसळून घरीच वडी दाबतो. लाकडी साचा, आत बटर पेपर, वरून सुताराचा सी-क्लॅम्प. रोज थोडा आवळायचा. उन्हाळ्यात वडी झकास जमली. कडा काळपट, वास मनुकांसारखा, सुरीने पातळ काप निघाले. आता फोंड्यात झड लागलीय, भिंतींनाही ओल सुटलीय. पानं कोरडी दाबली तर कापाचा भुगा होतो, ओली दाबली तर बुरशीची भीती. नेमका ओलावा हाताला कसा कळतो?

बर्ली रस चांगला शोषते, म्हणून थोडी काजूची फेणी शिंपडावी म्हणतो. दाबण्याआधी की नंतर? आणि वडीवर पांढरं दिसलं तर बुरशी की स्फटिक, कसं ओळखता? ('तंबाखू सोडा' हा सल्ला नको, तो घरात रोज मिळतो.)