मदत हवी आहे: गोल्फमध्ये हेदरच्या झुडपांतून चेंडू काढायचा कसा?

मंडळी, पुढच्या महिन्यात नेदरलंड्समध्ये उत्रेख्तजवळच्या दे पान कोर्सवर पहिल्यांदाच खेळायला मिळतंय. प्रसिद्ध कोर्स-रचनाकार हॅरी कोल्टने १९२९ मध्ये आखलेला कोर्स, वाळूचे उंचवटे आणि भोवती पाइनचं रान. कधीपासूनची इच्छा होती!

धास्ती एकच, हेदरची. मी पुण्यात शिकलो, तिथे रफ (मुख्य पट्ट्याबाहेरचा वाढू दिलेला भाग) म्हणजे नुसतं गवत. परवा इथे नेदरलंड्समधल्याच दुसऱ्या कोर्सवर चेंडू जांभळ्या फुलांत स्पष्ट दिसत होता, पण खाली तारेसारख्या चिवट काटक्या. सात नंबरचं आयर्न (लोखंडी क्लब) मारलं, झुडपाने दांडा धरला, फेस (क्लबची चेंडूला लागणारी बाजू) मिटला आणि चेंडू हातभर डावीकडे, आणखी खोल. मनगट अजून ठणकतंय.

सँड वेजने (चेंडू उंच उचलणाऱ्या क्लबने) सरळ आडवं फेअरवेवर (कापलेल्या गवताच्या मुख्य पट्ट्यावर) यावं का? ग्रिप किती घट्ट, फेस किती उघडा? आणि टीवरून, म्हणजे पहिल्या फटक्याला, ड्रायव्हर (सर्वांत लांब मारणारा क्लब) घ्यावाच का? अनुभवी लोकांनी जरूर सांगा.